सातवा तुकडा

आमच्या वन्संचें लग्न १९९१ सालच्या वैशाखांत झालें. लग्नाचें चलच्चित्र घेण्याची चाल त्या वेळीं आमच्यासारख्या मध्यम स्थितीच्या घरांतून नुकतीच शिरूं लागली होती. मामंजींना तो खर्च मुळींच पसंत नव्हता. पण थोरल्या भाऊजींनीं हट्ट धरला, आणि अखेर तीन तासांची एक व्ही. एच. एस. फीत तयार होऊन घरीं आली. पहिलें वर्षभर ती आल्यागेल्यांना दाखविण्यांत आली. पुढें ती कपाटांत गेली आणि कपाटांतच राहिली.

या फितीची किंमत आम्हांला कळली ती फार उशिरां. सासूबाई १९९४ सालीं गेल्या. त्यांचीं छायाचित्रें घरांत चार-सहा आहेत. परंतु त्या सर्वांत त्या, कोणीतरी दटावून उभें केल्याप्रमाणें, ताठ उभ्या आहेत. ज्यांनीं त्यांना पाहिलें त्यांना ठाऊक आहे कीं त्या अशा कधींच नव्हत्या. चालतांना, बोलतांना, स्वयंपाकघरांतून ओटीपर्यंत ऐकूं जाईल अशा आवाजांत हांक मारतांना त्या जर कोठें उरल्या असतील, तर त्या एका फितींत. त्यांच्या सात नातवंडांपैकीं पांचांनीं त्यांना पाहिलेलेंच नाहीं.

२०१८ सालच्या पावसाळ्यांत कपाट आवरतांना ती फीत हातीं लागली, तेव्हां तिच्या कडेवर पांढरी बुरशी धरली होती. फितीवरील चित्र संगणकावर उतरवून देणाऱ्या एका दुकानदारानें ती कशीबशी एकदां चालविली आणि परत देतांना सांगितलें, "बाई, ही आतां पुन्हां कोणत्याहि यंत्रांत घालूं नका. तुटेल." अशा रीतीनें तें सारें लग्न एका फाईलीच्या रूपानें घरीं आलें. फाईल मोठी होती. दर सेकंदास सुमारें दहा लक्ष बाईट या हिशेबानें तीन तासांचे, म्हणजे १०,८०० सेकंदांचे, १०८० कोटी बाईट झाले. बाईट म्हणजे संगणकाच्या वहींतील एक घर समजावें. रोमन लिपींतील एक अक्षर ठेवण्यास असें एक घर पुरतें. आपल्या देवनागरींतील एकेका चिन्हास हल्लींच्या पद्धतींत तीन लागतात.

धाकटे भाऊजी टोरांटोस असतात. त्यांनीं कळविलें कीं कांहींहि करा, पण ही फाईल मला पाठवा. दिवाळी आटोपल्यावर ओळखीचे एक गृहस्थ तिकडे जावयाचे होते, व चकल्या-अनारशांच्या डब्याबरोबर बोटाएवढा एक पेन-ड्राईव्ह नेण्यास त्यांची हरकत नव्हती. आमच्या पुतण्यानें ३२ अब्ज बाईट मावतील असा कोरा ड्राईव्ह विकत आणला आणि फाईल त्यावर ठेवावयास घेतली. संगणकानें उत्तर दिलें कीं फाईल फार मोठी असल्यामुळें ती येथें ठेवतां येत नाहीं.

यावर घरांत बरीच चर्चा झाली. बत्तीस अब्जांच्या कोठारांत अकरा अब्ज मावत नाहींत, हें गणित थोरल्या भाऊजींना कांहीं केल्या पटेना. त्यांचा सारा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेलेला. पण अडचण होती ती खातेवहीच्याच जातीची. प्रत्येक ड्राईव्हच्या आरंभीं एक वही असते, आणि कोणती फाईल कोठें सुरू होते व ती किती बाईटांची आहे याची नोंद तींत केलेली असते. आमचा ड्राईव्ह ज्या मांडणीचा होता ती 'फॅट-३२' नांवाची मांडणी १९९६ सालीं प्रचारांत आली. तिच्या वहींत फाईलीच्या आकारमानाला ३२ द्विमान अंकांचा रकाना आखलेला आहे. जमाखर्चाच्या वहींत रकमेसाठीं पांचच घरें आखलीं असतील, तर ९९,९९९ हून मोठी रक्कम तींत मांडतां येणार नाहीं, मग तिजोरी कितीहि मोठी असो. शून्य आणि एक एवढेच अंक वापरून बत्तीस घरांत जी सर्वांत मोठी संख्या मांडतां येते ती ४,२९,४९,६७,२९५. याहून एक बाईट अधिक झाला कीं ती फाईल त्या वहींत बसत नाहीं. हें सांगितल्याबरोबर भाऊजींची समजूत पटली. उलट रकाने आखणाऱ्याला दूरदृष्टि नव्हती, असा शेराहि त्यांनीं मारला.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. ड्राईव्हची मांडणीच बदलून टाकली असती तर पुढील सर्व खटाटोप वांचला असता. २००६ सालीं निघालेल्या 'एक्सफॅट' मांडणींत हाच रकाना दुप्पट रुंद आहे. परंतु पुतण्याला तें त्या वेळीं ठाऊक नव्हतें, आणि मला तें आठवलें तेव्हां गृहस्थ विमानांत बसले होते. आंतरजालावरून पाठवावी, तर आमच्या घरची जोडणी सेकंदाला दहा लक्ष बिट वर चढविणारी. आठ बिटांचा एक बाईट, या हिशेबानें त्या फाईलीला बरोबर चोवीस तास लागले असते, आणि तेवढ्या वेळांत आमच्याकडील वीज एकदां तरी गेल्याशिवाय राहात नसे. विपत्रांतून पाठविणें तर अशक्यच. जीमेलसारखी सेवा एका पत्राबरोबर २५ मेगाबाईटांपलीकडे कांहीं स्वीकारीत नाहीं. राहतां राहिला मार्ग एक, तो म्हणजे फाईलीचे तुकडे करणें.

तुकड्यांशीं माझा परिचय जुना आहे. १९९० नंतरच्या दशकांत मी घरबसल्या संगणकावर अक्षरजुळणीचें काम करीत असें, आणि झालेलें काम फ्लॉपी तबकड्यांवर घालून छापखान्यांत नेऊन देत असें. नव्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं फ्लॉपी पाहिलीहि नसेल. ती साडेतीन इंची, चौकोनी, कडक वेष्टनांतली. तीवर १४,७४,५६० बाईट मावत. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे १८ भाग, आणि प्रत्येक भागांत ५१२ बाईट, असा तो गुणाकार आहे. मजकुराला एवढी जागा पुष्कळ झाली. पण चित्र आलें कीं संपलें. १९९६ सालीं एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचें चित्र साडेसहा मेगाबाईट भरलें. त्या काळीं 'एआरजे' नांवाचा एक कार्यक्रम फार लोकप्रिय होता. तो फाईल दाबून लहान करी, आणि तरीहि ती मावली नाहीं तर एक फ्लॉपी भरली कीं 'पुढची घाला' असें सांगून काम पुढें चालवी. त्याच्या साहाय्यानें तें चित्र पांच तबकड्यांवर घालून मी छापखान्यांत घेऊन गेलें. तेथें पहिली लागली, दुसरी लागली, तिसरी लागली. चौथी कांहीं केल्या वाचतां येईना. पांचवी उत्तम होती. पण चौथीवांचून तिचा उपयोग काय? लूनावरून घरीं परत जाऊन नवी चौथी करून आणीपर्यंत छापखान्यांतील माणूस जेवावयास गेला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळीं दोन संच करूं लागलें. वन्संच्या लग्नाची फाईल जर फ्लॉपींवर न्यावयाची म्हटली असती, तर ७,३२५ फ्लॉपी लागल्या असत्या. एकीवर एक रचल्या तर चोवीस मीटर उंच, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी चळत.

तर पुतण्यानें तुकडे केले. 'सेव्हन-झिप' हा कार्यक्रम ईगोर पाव्हलोव्ह नांवाच्या रशियन गृहस्थानें १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध केला असून तो आजहि फुकट मिळतो. त्यांत फाईल दाबण्याची सोय आहे तशीच नुसते तुकडे करण्याचीहि आहे. चलच्चित्र मुळांतच दाबलेलें असतें, त्यामुळें तें पुन्हां दाबून कांहीं लाभ होत नाहीं. पिळलेल्या ऊंसाच्या चोथ्यासारखें तें होय. म्हणून आम्हीं नुसते तुकडे करविले. प्रत्येकी एक अब्ज बाईटांचे दहा, आणि उरलेल्या ऐंशी कोटींचा अकरावा.

हे तुकडे म्हणजे काय, याविषयीं चांगल्या शिकलेल्या मंडळींतहि गैरसमज आढळतो. तीन तासांच्या चित्राचे अकरा तुकडे केले म्हणजे अकरा लहान चित्रें झालीं, असें त्यांना वाटतें. आणि मग तिसरा तुकडा उघडावयास जाऊन तो उघडत नाहीं तेव्हां 'बिघडला' म्हणून टाकून देतात. संत्रें सोललें तर प्रत्येक फोड ही स्वतःपुरती पुरी असते. पण येथें संत्रें सोललेलें नसतें. सुरी जेथें पडेल तेथें पडलेली असते, एखाद्या वाक्याच्या, किंबहुना एखाद्या अक्षराच्याहि मधून. शिवाय, ही फाईल कोणत्या प्रकारची, चित्र किती रुंद, कोणता प्रसंग कोठें सांपडेल, ही अनुक्रमणिका फाईलीच्या आरंभीं किंवा शेवटीं एकाच जागीं असते. मधल्या तुकड्याला स्वतःविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं. तो केवळ बाईटांची रास असतो, आणि शेजारच्या राशीला नेमका जोडला तरच त्याला अर्थ येतो.

नेमका म्हणजे क्रमानें. जुन्या पोथ्या ज्यांच्या घरीं आहेत त्यांना हें सांगावयास नको. पोथीचीं पानें शिवलेलीं नसतात. म्हणूनच लेखक प्रत्येक पानाच्या समासांत पत्रांक घालीत असे, व पुष्कळदां ग्रंथाच्या नांवाचीं आद्याक्षरेंहि लिहीत असे, कारण दोन पोथ्या एका वेळीं सुटल्या तर कोणतें पान कोठलें हेंहि कळलें पाहिजे. तुकड्यांच्या नांवांत नेमक्या याच दोन गोष्टी असतात, मूळ फाईलीचें नांव आणि अंक. मात्र अंक लिहिण्यांत एक खोंच आहे. संगणक नांवें लावतांना पुष्कळदां आकड्यांचें मोल पाहात नाहीं, एकेक अक्षर पाहतो. त्याच्या दृष्टीनें १ नंतर १० येतो, मग ११, आणि मग २. या क्रमानें जोडलेली फाईल बरोबर तेवढ्याच आकाराची होते, आणि कधींहि चालत नाहीं. यास्तव तुकड्यांना ००१, ००२ अशा रीतीनें शून्यें लावून अंक देतात. युनिक्स या संगणक-पद्धतींत तुकडे करणारी 'स्प्लिट' नांवाची आज्ञा १९७३ सालापासून आहे. ती तर अंकांच्या वाटेलाच जात नाहीं. ती एए, एबी, एसी अशीं वर्णमालेच्या क्रमानें नांवें देते, म्हणजे लावणाऱ्याचा घोटाळा होण्यास जागाच उरत नाहीं.

जोडण्यासाठीं निराळा कार्यक्रम लागतोच असें नाहीं. विंडोजमधील साधी 'कॉपी' ही आज्ञा अधिक चिन्हानें जोडलेलीं नांवें दिलीं असतां एकामागून एक फाईल ओतून एक करते. मात्र ती देतांना 'बी' हें अक्षर सांगावें लागतें. तें विसरलें तर आज्ञा सर्व मजकूर लिखित समजते, आणि लिखिताच्या जुन्या संकेताप्रमाणें २६ या मोलाचा बाईट आला कीं 'येथें मजकूर संपला' असें मानून त्या तुकड्याचा पुढील भाग सोडून देते. चित्राच्या फाईलींत २६ हें मोल पदोपदीं यावयाचेंच. एका अक्षराच्या विसरानें अकरा अब्जांतील बहुतेक सर्व गळून पडावें, आणि संगणकानें 'काम झालें' असें निर्विकारपणें सांगावें, असा हा प्रकार आहे.

(एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना येथें वाटणीची आठवण होईल. वाटणीचे कागद करून देणारे वकील आमच्या आळींत चार आहेत. वाटलेलें पुन्हां एक करून देणारा मात्र मीं अद्याप पाहिला नाहीं. असो.)

अकरा तुकडे ड्राईव्हवर बसले आणि ड्राईव्ह डब्याबरोबर गेला. पुतण्यानें घरच्या संगणकावर जागा व्हावी म्हणून मूळची अखंड फाईल पुसून टाकली. 'तुकडे आहेतच कीं!' असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता. आठ दिवसांनीं टोरांटोहून भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, तुकडे जोडले. चित्र लागलें. पण पावणेदोन तासांच्या अलीकडे सगळें फुटतें."

फुटतें म्हणजे चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या होऊन त्या पडद्यावर पसरत. आवाज एकदां चिरके आणि बंद पडे. बऱ्याच वेळानें लग्न पुन्हां सुरू होई, तेव्हां वरात निघण्याची तयारी चाललेली असे. भाऊजींनीं तीन वेळां पुन्हां जोडून पाहिलें. फाईलीचा आकार तपासला. तो बाईटाला बाईट बरोबर होता.

आकार बरोबर असतां फाईल बिघडलेली कशी, हा प्रश्न घरांतील सर्वांना पडला. याहि बाबतींत पोथीचा दाखला उपयोगी पडतो. नक्कल करणारे लेखक पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या घालीत, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून सबंध पोथी किती ग्रंथांची झाली तें लिहीत. अनेकदां त्यावरच त्यांची मजुरीहि ठरे. या संख्येनें एखादें पान गळलें असल्यास तें कळतें. परंतु एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर पडलें तर कळत नाहीं, कारण संख्या तीच राहते. फाईलीचा आकार ही तिची ग्रंथसंख्या होय. वेदपाठकांनीं या दुसऱ्या दोषावर निराळा उपाय योजला. क्रमपाठांत पहिलें पद दुसऱ्याबरोबर, दुसरें तिसऱ्याबरोबर, तिसरें चौथ्याबरोबर म्हटलें जातें, आणि असा प्रत्येक शब्द शेजारच्या दोघांशीं सांखळीनें जखडलेला असल्यामुळें तो बदलला किंवा हालला तर कानाला चटकन् खटकतो. (यावरून आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असें म्हणणारे गृहस्थ मला भेटले आहेत. पूर्वजांना संगणक ठाऊक नव्हता. मजकूर बिघडतो हें ठाऊक होतें, आणि तेवढें पुरेसें आहे.)

संगणकाचा उपाय असा. फाईलींतील सर्व बाईट आरंभापासून शेवटपर्यंत एका ठराविक गणितांतून घालावयाचे आणि शेवटीं जें उत्तर येईल तें त्या फाईलीचा ठसा म्हणून लिहून ठेवावयाचें. याला हॅश म्हणतात. आज जी सर्वमान्य रीत आहे तिचें नांव 'शा-२५६'. फाईल एका अक्षराची असो कीं अकरा अब्जांची, तिचा ठसा चौसष्टच चिन्हांचा होतो. आणि फाईलींत एक बिट जरी बदलला, तरी सबंध ठसा ओळखूं येणार नाहीं इतका पालटतो. दोन भिन्न फाईलींचा या रीतीनें काढलेला ठसा एकच निघाल्याचें उदाहरण आजवर सांपडलेलें नाहीं. विंडोजमध्यें तो काढण्यासाठीं 'सर्टयूटिल' ही आज्ञा मूळचीच असते. सेव्हन-झिपहि तो काढून देतो.

त्या रात्रीं पुण्यास आम्हीं आणि टोरांटोस भाऊजींनीं, प्रत्येकीं अकरा तुकड्यांचे ठसे काढले. मग फोनवर मी प्रत्येक ठशाचीं पहिलीं चार व शेवटचीं चार चिन्हें वाचीत गेलें, आणि भाऊजी 'बरोबर' म्हणत गेले. पहिला बरोबर, दुसरा बरोबर. सहावा बरोबर. सातव्याला भाऊजी थांबले. "पुन्हां वाचा," म्हणाले. मीं पुन्हां वाचला. सातवा जुळत नव्हता. आठव्यापासून अकराव्यापर्यंत पुन्हां सर्व बरोबर.

हिशेब केला तों तो चोख जमला. दर तुकडा एक अब्जाचा, म्हणजे सुमारें हजार सेकंदांचा. सहा तुकडे संपले कीं सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटें होतात. तेथपासून पुढचीं पावणेसतरा मिनिटें सातव्या तुकड्याचीं. ड्राईव्हच्या कोठल्या तरी कोपऱ्यांतील पेशी कच्च्या निघाल्या होत्या. नोंदवहींत आकार पुरा लिहिला गेला आणि कोठारांत भलतेंच कांहीं राहिलें.

येथवर सर्वांना आनंद झाला. पण पुतण्याचें तोंड उतरलेलें होतें. तो म्हणाला, "काकू, दोन ठसे निराळे आहेत हें खरें, पण त्यांतला बरोबर कोणता? आपलाच सातवा बिघडलेला नसेल कशावरून? आणि मूळची फाईल तर मीं पुसली."

मुलाची शंका खरी होती. दोन साक्षीदार भिन्न बोलत असले तर कोणी तरी एक खोटा आहे एवढेंच ठशावरून समजतें, कोण तें समजत नाहीं. त्यासाठीं तुकडे करण्यापूर्वीं अखंड फाईलीचा, आणि केल्याबरोबर प्रत्येक तुकड्याचा ठसा काढून कागदावर लिहून ठेवावयास हवा होता. तो कागद हाच खरा मूळ साक्षीदार. आमच्याकडे तो नव्हता. दुकानदाराला फोन केला. त्यानें आपली प्रत महिन्यानंतर पुसून टाकली होती, आणि त्यांत त्याचा कांहींच दोष नाहीं. फीत पुन्हां लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हां सासूबाईंचीं तीं पावणेसतरा मिनिटें जर जगांत कोठें धड असतील, तर आमच्या जुन्या संगणकावरच्या एका तुकड्यांत. तो संगणक दिवाळीपूर्वींच जुन्या बाजारांत द्यावयाचा होता. भाव पटला नाहीं म्हणून तो घरांत राहिला होता.

पुतण्यानें घरचे अकरा तुकडे जोडावयास लावले. वीस मिनिटें लागलीं. त्या वीस मिनिटांत घरांत कोणी विशेष बोललें नाहीं. थोरल्या जाऊबाई उगीचच भांडीं आवरीत होत्या. फाईल तयार झाली तेव्हां त्यानें ती सरळ एक तास अडतीस मिनिटांवर नेऊन सोडली. मांडवांत पंगत बसत होती. एकोणचाळीस झालीं. चाळीस झालीं. चित्र फुटलें नाहीं.

तुकड्यांचा खरा लाभ मला त्या रात्रीं कळला. फाईल अखंड असती तर ती सबंध पुन्हां पाठवावी लागली असती, चोवीस तास. आतां एकच तुकडा पाठवावयाचा होता. त्याला लागले दोन तास तेरा मिनिटें. आंतरजालाचें सारें दळणवळण याच तत्त्वावर उभें आहे. आपण पाठवितों तें प्रत्येक पत्र आणि चित्र वाटेंत, बहुधा १५०० बाईटांपेक्षां मोठीं नसलेल्या पुडक्यांत विभागलें जातें. प्रत्येक पुडक्यावर क्रमांक असतो, आणि जें पोंचलें नाहीं तेवढेंच पुन्हां मागविलें जातें. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं एकमेकांना नकळत मांडली. २००१ सालीं ब्रॅम कोहेन यानें काढलेल्या बिटटोरंट पद्धतींत तर प्रत्येक तुकड्याचा ठसा आधींच यादींत लिहिलेला असतो; जो जुळत नाहीं तो टाकून दुसऱ्याकडून घेतात. हल्लीं आपण हातानें तुकडे क्वचितच करतों, याचें कारण तुकडे होत नाहींत हें नसून ते आपल्या नकळत होतात हें आहे.

आणखी एक सोय आहे, जी मीं त्यानंतर शिकून घेतली. ठशानें बिघाड कळतो, दुरुस्त होत नाहीं. दुरुस्तीला थोडें जास्तीचें सामान बरोबर द्यावें लागतें. समजा, तीन जणांनीं वर्गणी दिली, २५, ४० आणि १७ रुपये, आणि खालीं बेरीज ८२ लिहून ठेवली. आतां मधल्या ओळीवर शाई सांडली तरी ८२ तून २५ व १७ वजा करून ४० पुन्हां मिळतात. बेरजेचा तो एक आंकडा जास्तीचा. पण तिहींपैकीं कोणतीहि एक ओळ तो भरून काढतो. १९६० सालीं रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणित्यांनीं याची फार पुढची रीत काढली. संगीताच्या सीडीवर थोडे ओरखडे पडले तरी गाणें चालूं राहतें तें त्या रीतीच्या बळावर. 'पार-२' या नांवाचीं तुकड्यांबरोबर ठेवण्याचीं पूरक फाईलीं याच गणितानें बनतात. शेंकडा दहा जागा जास्त दिली तर जवळजवळ तेवढा भाग गमावला तरी परत उभा करतां येतो. आतां आमच्याकडे लग्नाची फाईल तीन जागीं आहे, प्रत्येक ठिकाणीं पूरक फाईलींसह. आणि ठशांचा कागद देवघराच्या फडताळांत, पत्रिकांच्या डब्यांत ठेवला आहे. थोरल्या भाऊजींनीं त्यावर तारीख घालून सही केली आहे. तिची कांहीं गरज नव्हती.

सातवा तुकडा टोरांटोस पोंचला त्याच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं अडीचच्या सुमारास भाऊजींचा फोन आला. तिकडे पहांटेचे चार वाजले असतील. घरचें चित्र मीं तोंवर नीट पाहिलें होतें. त्या पावणेसतरा मिनिटांत दुसरी पंगत आहे. सासूबाई जिलब्यांचें ताट घेऊन रांगेंतून फिरत आहेत, कोणाचें नको ऐकत नाहींत, आणि मध्येंच थांबून कॅमेऱ्याच्या किंचित् डावीकडे, जेथें कोणी तरी दिव्याची तार धरून उभें आहे तेथें, पाहून म्हणतात, "अरे, तें राहूं दे बाजूला. सकाळपासून उपाशी आहेस. आधीं पानावर बस."

तार धरून कोण उभें होतें तें चित्रांत दिसत नाहीं, आणि आम्हांपैकीं कोणालाहि आठवत नव्हतें.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तो मी होतों."